थेंबात फिरतंय ते कोण? अनोळखी एकपेशीय जीव ओळखायची रीत

डबक्यातल्या पाण्याचा थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवला, काहीतरी सुळकन आडवं गेलं आणि आता त्याचं नाव हवंय. नवखा माणूस इथे लगेच मोबाइलवर चित्रं शोधायला लागतो. अडचण अशी, की चित्रातला पॅरामेशियम रंगवलेला, स्थिर आणि बरोबर मधोमध असतो. तुमच्या थेंबातला धूसर, स्वतःभोवती फिरत पळणारा आणि दोन क्षणांत नजरेआड होणारा. त्यामुळे नाव सगळ्यात शेवटी घ्यायचं. आधी माप, मग चाल, मग बाह्यरूप, मग आतलं सामान. हा क्रम पाळला की बहुतेक वेळा दोन-तीनच पर्याय उरतात.

साधन

शाळा-कॉलेजात असतो तसा साधा संयुक्त मायक्रोस्कोप पुरतो: ४, १० आणि ४० पटींचे ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याकडची भिंगं), १० पटींचा आयपीस (डोळ्याकडचं भिंग). पुढे ‘४ पटींवर’ म्हटलं की ४ पटींचा ऑब्जेक्टिव्ह समजा. अंबाल्याला तयार होणारे असे मायक्रोस्कोप प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानांत मिळतात. १०० पटींच्या ऑइल ऑब्जेक्टिव्हसाठी सुरुवातीला जादा पैसे घालू नका. ताज्या, ओल्या थेंबावर त्याचा फारसा उपयोग नाही; तेल कव्हरस्लिपला, म्हणजे थेंबावर ठेवायच्या पातळ काचेला, ओढतं, स्लिप सरकते आणि पाहायचा जीव हरवतो. मनु प्रकाश यांच्या स्टॅनफर्डमधल्या चमूने बनवलेला कागदी फोल्डस्कोप प्रवासात झकास, पण ओळख पटवायची तर पटी बदलत जवळ-लांब करता आलं पाहिजे, म्हणून घरी टेबलावरचाच बरा.

मायक्रोस्कोप कुठलाही असो, एक गोष्ट शिकून घ्या: स्टेजखालचा, म्हणजे स्लाइड ठेवायच्या पाटीखालचा, उजेड कमी-जास्त करणारा डायफ्रॅम. नवे लोक तो पूर्ण उघडा ठेवतात आणि दिवा मोठा करतात. एकपेशीय जीव बहुतेक पारदर्शक असतात, झगझगीत उजेडात ते विरघळल्यासारखे दिसतात. डायफ्रॅम अर्ध्याहून जास्त मिटवा, मग कडा उमटतात. कंडेन्सरखाली (स्टेजखालचं, उजेड एकवटणारं भिंग) फिल्टर ठेवायची जागा असेल तर पारदर्शक प्लॅस्टिकवर मधोमध काळ्या कागदाची गोल टिकली चिकटवून ठेवून पाहा. टिकलीचा व्यास जुळला की ४ आणि १० पटींवर काळ्या पार्श्वभूमीवर जीव उजळ दिसतात. जिवांच्या अंगावरचे हलणारे केस पाहायला यापेक्षा स्वस्त युक्ती नाही.

पाणी कुठलं घ्यायचं

तळ्याच्या मधलं नितळ पाणी घेऊ नका, त्यात फार थोडे सापडतील. एकपेशीय जीव कशाला तरी लागून राहतात. जलपर्णीची मुळं बरणीत पिळा, पाण्यात बुडालेल्या पानाची खालची बाजू ब्रशने घासा, दगडावरचा तपकिरी बुळबुळीत थर खरवडून घ्या, तळाच्या चिखलाचा वरचाच पापुद्रा ड्रॉपरने ओढा. भातखाचर, कुंडीखालची बशी, देवळाची पुष्करणी, सगळी चालतात. बरणी पाऊण भरा, झाकण सैल ठेवा, थेट उन्हात ठेवू नका आणि चिठ्ठीवर जागा-तारीख पेन्सिलने लिहा. शाई ओलाव्याने पसरते.

पाणी तोंडाने नळीत ओढायचं नाही, आणि काम झालं की हात साबणाने धुवायचे. कोमट गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा असू शकतो. तो नाकावाटे मेंदूपर्यंत जातो. दुर्मीळ आहे, पण नमुना घेताना पाण्यात डुबकी मारायची गरजही नाही.

जवळ पाणवठा नसेल तर वाळलेलं गवत मूठभर घ्या, क्लोरीन उडून गेलेल्या पाण्यात भिजत घाला. आधी जिवाणूंचा गढूळपणा येतो, मग बारीक कशाभिकाधारी (चाबकासारखा लांब धागा हलवत पोहणारे) आणि मूत्रपिंडाच्या आकाराचा कोल्पोडा. कोल्पोडा कोरड्या काळात कवच करून गवत-मातीत टिकतो, म्हणून तो लवकर दिसतो. मोठे पक्ष्माभिकाधारी (अंगावर आखूड हलते केस असलेले) पुढच्या दिवसांत. तोच भांड्यातला थेंब एक दिवसाआड पाहिला की रहिवासी बदलताना दिसतात.

स्लाइड

बरणी रात्रभर स्थिर ठेवा. मग पृष्ठभागावरचा थर, तळ आणि उजेडाकडची काच अशा तीन जागांहून वेगवेगळे थेंब घ्या, कारण तिन्हीकडची वस्ती वेगळी असते. थेंब लहान हवा. कव्हरस्लिपबाहेर पाणी आलं तर ती तरंगते आणि सगळे जीव वेगवेगळ्या खोलीवर पोहत राहतात. पळणाऱ्यांना आवरायला कापसाचे दोन-चार सुटे तंतू थेंबात टाका, जीव त्यांच्या जाळीत अडकून फिरतात. किंवा कव्हरस्लिपच्या कडेला टिपकागद टेकवून पाणी हळूहळू ओढा. स्लिप खाली येते, जीव किंचित दाबला जातो आणि आतलं स्पष्ट होतं. फार ओढलं तर तो फुटतो, आणि फुटलेल्या जिवाचा आकार ओळखीसाठी बाद.

पाहायला सुरुवात नेहमी ४ पटींपासून. थेट ४० वर गेलात तर खोलीच्या किल्लीच्या भोकातून शहर पाहिल्यासारखं होतं.

पहिली पायरी: माप

ओळखीतली ही सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट. आयपीसवर ‘१०’च्या शेजारी बहुधा १८ किंवा २० असा आकडा छापलेला असतो. त्याला ऑब्जेक्टिव्हच्या पटीने भागा, म्हणजे दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. आकडा १८ असेल तर ४ पटींवर वर्तुळ साडेचार मिलिमीटर, १० वर १.८ मिलिमीटर म्हणजे १८०० मायक्रॉन, आणि ४० वर ४५० मायक्रॉन. आकडा छापलेला नसेल तर ४ पटींवर पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी ठेवून मिलिमीटरच्या खुणा मोजा आणि बाकीचे व्यास गुणोत्तराने काढा.

आता १० पटींवर एखादा जीव वर्तुळाच्या साधारण सातव्या भागाइतका लांब दिसला, तर तो २५० मायक्रॉनच्या आसपास. पॅरामेशियम कॉडेटम या मापात बसतो. युग्लिनाच्या नेहमीच्या जाती ५० मायक्रॉनच्या आगेमागे, क्लॅमिडोमोनास १० ते २०, व्हॉर्टिसेलाची घंटा ५० ते १५०. स्टेन्टर एक मिलिमीटरपर्यंत ताणतो, स्पायरोस्टोमम त्याहूनही लांब होऊ शकतो; हे दोघे बरणीच्या काचेवर नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. ‘मला छोटा पॅरामेशियम दिसला, ३० मायक्रॉनचा’ असं कुणी सांगितलं की तो पॅरामेशियम नाही, एवढं लगेच कळतं. चित्रावरून हे कधीच कळलं नसतं, कारण चित्रात सगळे सारखेच मोठे असतात.

दुसरी पायरी: चाल

इथे घाई करू नका. एका जिवाचा पाच मिनिटं पाठलाग करा. स्टेज सरकवत त्याला वर्तुळात ठेवणं हा हाताला वळण लागण्याचा भाग आहे.

हलतंय म्हणजे जिवंतच असं नाही. पाण्यातले अगदी बारीक कण जागच्या जागी थरथरतात. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राउन यांनी परागकणांतून निघालेल्या कणांमध्ये ही थरथर पाहिली, म्हणून तिला ब्राउनीय गती म्हणतात. सगळे कण एकाच दिशेला वाहत असतील तर तो प्रवाह, पाणी कडेने सुकतंय. प्रवाहाविरुद्ध जातो, वळतो, थांबतो, तो जीव.

चालीचे मोटामोटी चार प्रकार. अंगभर आखूड केस म्हणजे पक्ष्माभिका असतील तर चाल वेगवान, सरळ आणि बहुधा स्वतःभोवती फिरत. पॅरामेशियम अडथळ्याला धडकला की मागे येतो, थोडा कोन बदलतो, पुन्हा पुढे. हे एकदा पाहिलं की विसरत नाही. एखाद-दुसरी लांब कशाभिका असेल तर चाल डगमगती, डोलत जाणारी, आणि जीव बहुधा लहान. छद्मपाद, म्हणजे अंगाचाच पुढे काढलेला तात्पुरता पाय, असतील तर ओहळल्यासारखी मंद सरक. आणि काही जीव कुठलाही अवयव न हलवता काचेवरून सरळ घसरतात. सोनेरी-तपकिरी रंगाचे, कडक कवचाचे असे दिसले तर डायटम, म्हणजे सिलिकाच्या दोन झाकणांत राहणारं शैवाल.

अमीबा शोधणाऱ्यांची एक नेहमीची निराशा असते: सापडतच नाही. थेंब हलवल्यावर तो अंग आखडून गोळा होतो आणि कचऱ्याच्या कणासारखा दिसतो. स्लाइड दहा-पंधरा मिनिटं न हलवता ठेवा, डायफ्रॅम मिटवा आणि ज्या करड्या डागाची कड बदलतेय तो पकडा. बदलणारी कड हीच खूण.

पक्ष्माभिकाधाऱ्यांमध्ये चालीवरूनच निम्मी ओळख होते. काचेवर किंवा शैवालाच्या धाग्यावर ‘चालणारा’, पुढे-मागे झटके देणारा चपटा जीव दिसला तर तो युप्लोटस किंवा स्टायलोनिकिया यांच्या गोतावळ्यातला. त्यांच्या पोटाकडे केसांचे जुडगे झालेले असतात आणि ते पायांसारखे वापरले जातात. बराच वेळ एका जागी गरगरतो आणि अचानक उडी मारून गायब होतो, असा ३० मायक्रॉनच्या आसपासचा गोळा बहुधा हॅल्टेरिया. पिंपाच्या आकाराचा, अंगावर चौकोनी नक्षी आणि मेलेल्या किड्याभोवती गर्दी करणारा तो कोलेप्स. ती नक्षी कॅल्शियम कार्बोनेटच्या पट्ट्यांची. लांबलचक मान काढून चाचपडत ती परत आत ओढणारा लॅक्रिमारिया ओळखायला कुठलंही पुस्तक लागत नाही.

देठावर बसलेली घंटा झटकन खाली ओढली जाते आणि देठाची स्प्रिंग होते, तेव्हा बहुतेक जण ‘व्हॉर्टिसेला’ म्हणून मोकळे होतात. थांबा. देठ एकटा आहे का फांद्या फुटलेल्या? एकटा असेल आणि आकसत असेल तर व्हॉर्टिसेला. फांद्या असतील आणि एकेक घंटा स्वतंत्र आकसत असेल तर कार्केशियम. एकीला धक्का लागला की सगळी वसाहत एकदम आकसत असेल तर झूथाम्नियम. आणि देठ अजिबात आकसत नसेल, फक्त घंटा मिटत असतील, तर एपिस्टायलिस. स्लाइडला नखाने हलकी टिचकी मारायची आणि बघायचं, एवढीच परीक्षा. देठ सोडून पोहणारी एकटी घंटाही दिसते. तिला नवा जीव समजू नका.

एकपेशीयच आहे ना?

पुढे जाण्याआधी एवढं विचारून घ्या. रोटिफर हा बहुपेशीय प्राणी, पण कित्येक पक्ष्माभिकाधाऱ्यांपेक्षा लहान. डोक्यावर फिरल्यासारखी दिसणारी केसांची चक्रं, शेपटाला दोन बोटं आणि पोटात सतत कुटत असलेले जबडे. जबडे दिसले की प्रश्न संपला, एकपेशीयाला जबडे नसतात. दुभंगलेल्या शेपटीचा, काटेरी पाठीचा आणि सावकाश सरकणारा गॅस्ट्रोट्रिकही असाच फसवतो. यात लाजण्यासारखं काही नाही: एरेनबर्ग या शास्त्रज्ञांनी १८३८ मध्ये जर्मनीत काढलेल्या भव्य ग्रंथात रोटिफर आणि एकपेशीय एकाच गटात होते, आणि एकपेशीयांच्या आतल्या अन्नरिक्तिकांना (गिळलेलं अन्न असलेल्या पोकळ्यांना) ते जठरं समजत होते.

हवेचा बुडबुडा म्हणजे जाड काळ्या कडेचं परिपूर्ण वर्तुळ. कापसाचा तंतू पिळवटलेल्या फितीसारखा. हे दोन्ही पहिल्या दिवशीच मुद्दाम पाहून ठेवा.

तिसरी पायरी: रूप आणि अंतरंग

आता ४० पटींवर या. हिरवा रंग दिसला तर तो कुठे आहे ते पाहा. ठरावीक आकाराच्या हरितलवकांत असेल तर जीव स्वतः प्रकाशसंश्लेषण करणारा. शरीरभर विखुरलेल्या एकसारख्या बारीक हिरव्या गोळ्या असतील तर ते आत राहायला आलेलं शैवालही असू शकतं. पॅरामेशियम बर्सारिया आणि स्टेन्टर पॉलिमॉर्फस असे हिरवे असतात. स्टेन्टर सेरुलियस मात्र स्वतःच्या रंगद्रव्याने निळसर.

हिरवा, पुढच्या टोकाजवळ लाल ठिपका आणि अंग पिळवटत-फुगवत जाणारा, तो युग्लिना. तसाच पण चपटा, कडक, पानासारखा आणि मागे काटेरी शेपूट, तो फेकस. तपकिरी कुपीत बसून फक्त कशाभिका बाहेर काढणारा, तो ट्रॅकेलोमोनास. कशाभिका साध्या मायक्रोस्कोपमध्ये सहजी दिसत नाही. ४० पटींच्या नेहमीच्या ऑब्जेक्टिव्हने साधारण अर्ध्या मायक्रॉनपर्यंतचेच तपशील सुटे होतात आणि कशाभिका त्याहून बारीक. न दिसणं हा नसण्याचा पुरावा धरू नका.

हिरवा जीव युग्लिनाच्या घरातला की हिरव्या शैवालाचा, असा पेच पडला तर आयोडीन. स्टार्चच्या परीक्षेला वापरतात ते लुगॉलचं द्रावण कव्हरस्लिपच्या एका कडेला थेंबभर लावा आणि दुसऱ्या कडेने टिपकागदाने ओढा. क्लॅमिडोमोनाससारख्या हिरव्या शैवालातला स्टार्च निळा-काळा होतो. युग्लिना अन्न पॅरामायलॉनच्या रूपात साठवतो, तो आयोडीनला दाद देत नाही. याच आयोडीनने कशाभिका आणि पक्ष्माभिकाही ठळक होतात. जीव मात्र मरतो, म्हणून चालीचं निरीक्षण आणि व्हिडिओ आधी उरकून घ्या.

रंगहीन जिवांत संकोची रिक्तिका शोधा: हळूहळू फुगून एकदम नाहीशी होणारा स्वच्छ बुडबुडा. किती आहेत, कुठे आहेत, किती वेळाने मिटतात, ते लिहा. पॅरामेशियममध्ये दोन, आणि मिटताना भोवती किरणांसारख्या नलिका उमटतात. इतरांत बहुधा एकच. केंद्रकाचा आकारही बोलका असतो: स्टेन्टरमध्ये मण्यांची माळ, व्हॉर्टिसेलात वाकडी पट्टी. केंद्रक दिसत नसेल तर मिथिल ग्रीनच्या आम्लयुक्त द्रावणाने तो रंगतो.

कवचंही पाहा. घुमटासारखं, वरून पाहिलं तर मध्ये गोल छिद्र असलेलं तपकिरी कवच आणि त्यातून बाहेर येणारे छद्मपाद म्हणजे आर्सेला. वाळूचे कण चिकटवून बांधलेलं घर असेल तर डिफ्लुजिया. अंगातून चहूकडे ताठ किरण निघालेला गोळा म्हणजे अ‍ॅक्टिनोफ्रिस किंवा त्याचा मोठा भाऊबंद अ‍ॅक्टिनोस्फेरियम. दोन अगदी सारख्या अर्ध्या भागांनी बनलेली हिरवी पेशी म्हणजे डेस्मिड. त्यातल्या चंद्रकोरीच्या आकाराच्या क्लोस्टेरियमच्या दोन्ही टोकांना छोट्या पोकळ्या असतात आणि त्यात बारीक स्फटिक नाचत असतात. हे स्फटिक ४० पटींवर शांतपणे पाहा, केवळ ओळखीसाठी नव्हे.

कुठे थांबायचं

माझं मत स्पष्ट आहे: नवख्याने प्रजातीपाशी, म्हणजे दोन शब्दी शास्त्रीय नावातल्या पहिल्या शब्दापाशी थांबावं. पॅरामेशियम ऑरेलिया ही एकच जाती समजली जायची. ट्रेसी सॉनबॉर्न यांनी १९७५ मध्ये तिच्या पोटात चौदा वेगळ्या जाती असल्याचं सांगून त्यांना नावं दिली, आणि त्या बाहेरून पाहून वेगळ्या करता येत नाहीत. तिथे तुमच्या टेबलावरच्या मायक्रोस्कोपने जातीचं नाव ठोकणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. ‘पॅरामेशियम, ऑरेलिया गट’ हे प्रामाणिक उत्तर आहे. दहा मायक्रॉनच्या आतले रंगहीन कशाभिकाधारी तर ‘लहान कशाभिकाधारी’ एवढंच लिहून सोडून द्यायला शिका. नाही तर संध्याकाळ त्यांच्यातच जाईल.

मन लावलं तर हौशी माणूस लांब जातो, हेही खरं. पक्ष्माभिकाधाऱ्यांवर १९३० ते १९३५ दरम्यान सविस्तर संदर्भग्रंथ लिहिणारे आल्फ्रेड काल हे हॅम्बुर्गला शाळामास्तर होते. भारतातल्या पक्ष्माभिकाधाऱ्यांसाठी भाटिया यांचा १९३६ चा ब्रिटिश इंडियाच्या प्राणिसंपदामालेतला खंड आहे. नावं बरीच बदलली आहेत, पण आकृत्या अजून कामाच्या.

एक उदाहरण, आणि वही

जलपर्णीच्या मुळांचं पाणी. १० पटींवर रंगहीन, लांबट जीव, वर्तुळाच्या साधारण तिसाव्या भागाइतका. म्हणजे, आयपीसचा आकडा १८ धरला तर, ६० मायक्रॉन. पोहत नाही, काचेला लागून संथ, सरळ घसरतो. डायटम? नाही, रंग नाही आणि वळताना अंग मुरडतं, म्हणजे कडक कवच नाही. अमीबा? पुढे जाताना कड बदलत नाही. डायफ्रॅम मिटवून ४० वर पाहिलं तर पुढच्या टोकातून एक ताठ धागा सरळ पुढे निघालाय आणि त्याचं फक्त टोक वळवळतंय. असा ताठ धागा, मुरडणारं अंग आणि हिरव्याचा मागमूस नाही: पेरानेमा. युग्लिनाच्याच नात्यातला, पण दुसऱ्यांना गिळून जगणारा. त्याच्यासारखे आणखी काही रंगहीन नातलग आहेत, म्हणून वहीत ‘पेरानेमा किंवा त्याच्या जवळचा’ असं लिहायचं.

वहीत नोंद करताना जागा, तारीख, पाण्याचा प्रकार, ऑब्जेक्टिव्हची पटी, माप, चालीचं एका वाक्यात वर्णन आणि हाताने काढलेली आकृती हवी. चित्रकला येत नसली तरी आकृती काढा. काढताना रिक्तिका कुठे आहे हे पाहावंच लागतं. आयपीसला मोबाइल लावून फोटोपेक्षा व्हिडिओ घ्या आणि मोबाइलचा झूम वापरू नका, त्याने मापाचा हिशेब बिघडतो. आयनॅचरलिस्टसारख्या, निसर्गातल्या जिवांच्या नोंदी टाकायच्या संकेतस्थळावर किंवा कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या शिक्षकांना दाखवायचं असेल तर व्हिडिओसोबत माप आणि पटी आधीच सांगा. ती नसली तर पहिलं उत्तर ‘केवढा होता?’ हेच येतं, आणि तोवर थेंब सुकून गेलेला असतो.